बिनदुधाचं चीज

माझ्या बायकोने कित्येक वर्षांत दुधाचा थेंब तोंडात घेतलेला नाही, आणि ते माझ्यामुळे. हे आमच्या घरात माहीत होतं, तिच्या माहेरी माहीत होतं, आणि सगळे ते कौतुकाने सांगायचे. नवऱ्यासाठी सोडलं, म्हणायचे. त्यातली जी गोष्ट फक्त मला ठाऊक होती ती आता लिहितो आहे. तिला विचारूनच लिहितो आहे. "लिहा, पण मला वाचून दाखवू नका," एवढंच ती म्हणाली.

ती दिघाशी गावची. तिच्या वडिलांकडे म्हशी होत्या. सकाळचं दूध सायकलला कॅन अडकवून अंबाडी नाक्यावर जायचं आणि त्याआधी घरातल्या मुलांच्या पेल्यात पडायचं, फेसासकट, कोमट. लग्न होऊन भिवंडीत आली तेव्हा पिशवीतलं दूध तापवताना ती नाक मुरडायची. दुधाचे कॅन धुऊन उरलेलं पाणी भरतात हे लोक पिशवीत, म्हणायची, आणि तरी दोन कप प्यायची. साय तिच्या वाटणीची हे घरात कोणी न ठरवता ठरलेलं होतं. पुढे एस. टी. स्टँडजवळ एक सँडविचवाला उभा राहायला लागला, ग्रिल केलेलं चीज सँडविच देणारा, तेव्हा तर महिन्यातून एक रविवार तिने त्याच्या नावावरच केला. त्याला ती शिकवायची. चीज आत किसून घाल रे, वरून नको, वरचं नुसतं बघायला असतं.

मी वडप्याच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होतो. सोळाव्या वर्षापासून तंबाखू-चुना खात आलेला माणूस. पस्तिशी उलटल्यावर डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा आला, तिखट लागलं की आग व्हायची. गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि काही न बोलता मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी या, म्हणाले.

त्या आठ दिवसांत माझं घर बदललं. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कमी बोलतो. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि आमचं बोलणं गॅस संपला, फी भरायची, भाऊ येणार आहे, एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं. फक्त मी घरात आहे की नाही याकडे कोणाचं फारसं लक्ष नसायचं, आणि त्याला मीच कारण होतो. त्याच वर्षी तिच्या भावाकडे एका हळदीला गेलो असताना मी ओटीवर बसलो होतो आणि आत ती वहिनीला हसत हसत म्हणाली होती, "आमचे हे असले काय आन् नसले काय, घर तसंच चालतंय." बायका हसल्या. बोलण्यात काही नव्हतं, कोणतीही बाई म्हणते. पण मी ते उचलून आत ठेवलं होतं.

आणि आता हीच बाई माझ्यासाठी भात दुधात कालवून, बोटांनी कुस्करून, वाटीवर फुंकर घालत बसत होती. चहा बशीत ओतून गार करून देत होती. मी झोपलो असं समजून माझ्या गालाकडे बघत बसायची. मुलगी तेव्हा सातवीत होती, तिला ती दटावायची, बाबांना त्रास देऊ नको. मला तेरा वर्षांत असं कोणी बघितलं नव्हतं.

गुरुवारी मी रिपोर्ट आणायला एकटाच गेलो. घरी ड्युटी आहे असं सांगून गेलो, कारण वाईट काही असेल तर आधी मला एकट्याला ऐकायचं होतं. डॉक्टर तरुण होते. कागद बघून म्हणाले, कॅन्सर नाही. तंबाखू आजच्या आज सोडा, सहा महिन्यांनी दाखवायला या. मी कागद घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. बाहेर येऊन वडापाव घेतला. तिखट झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी सगळा खाल्ला. येताना पूर्ण रस्ता मी मनात वाक्य जुळवत होतो, तिला कसं सांगायचं.

दार तिने उघडलं. माझ्या तोंडाकडे बघून तिने पायरीवरच विचारलं, काही कळलं का. तिला कसा संशय आला देव जाणे. आणि मी म्हणालो, "अजून नाही. सोमवारी देतील."

ते वाक्य मी जुळवलेलं नव्हतं. आपोआप आलं. मागून मी त्याला पुष्कळ कारणं लावून बघितली. खरी दोनच आहेत. एक, मला ते आवडत होतं. कोणीतरी आपल्यासाठी घाबरलेलं असणं, भातावरची फुंकर, ते आणखी तीन-चार दिवस पुरवून घ्यावं असं वाटलं. दुसरं कारण याहून वाईट आहे. असले काय नसले काय म्हणाली होती ना, मग नसण्याची चव जरा बघू दे, असंही कुठेतरी होतं. फार नाही, चिमूटभर. पण होतं.

रिपोर्ट मी गोडाऊनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

शनिवारी ती वहिनीला घेऊन वज्रेश्वरीला गेली. अंबाडी नाक्यावर उतरून पुढे अनवाणी चालत. संध्याकाळी आली तेव्हा पायाला फोड आले होते. तिने स्वतःसाठी चहा केला, कोरा. मी विचारलं, दूध संपलं का. तर म्हणाली, सोडलं. देवीला सांगून आले, ह्यांचा रिपोर्ट चांगला येऊ दे, मी जन्मभर दुधाचं काही तोंडात घेणार नाही. दूध, दही, ताक, तूप, लोणी, काहीच नाही.

मी म्हणालो, एवढं कशाला, दुसरं काहीतरी सोडायचं, कारलं सोडायचं.

"कारलं सोडून देवी ऐकती काय? आवडतं तेच सोडायचं असतं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नवस बोलून चार तास झाले होते, देवीही म्हणाली असती, बाई, चुकून झालं. पण रिपोर्ट परवाच आला हे सांगायचं तर परवा का बोललो नाही हेही सांगावं लागणार होतं, आणि समोर ती फोड आलेले पाय कोमट पाण्यात घालून बसली होती. मी गरम पाण्याची आणखी एक किटली आणून ओतली. एवढंच केलं.

सोमवारी मी रिपोर्ट घरी आणला. आज मिळाला, म्हणालो. कागद इंग्रजीत होता, तिला त्यातलं माझं नावही वाचता आलं नाही, तिने तो तसाच देव्हाऱ्यात ठेवून हात जोडले. मग अर्धा किलो पेढे आणून चाळीत वाटले. सगळं वाटून झाल्यावर रिकामा पुडा टाकायच्या आधी तिने तो उघडून एकदा हुंगला. मी बघितलं हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे मीच सांगितलं.

नंतरची सात वर्षं एका वाक्यात सांगता येतील, आणि मी ती तशीच काढली. पण ती रोजची होती. ती आमच्यासाठी रोज दही विरजायची आणि सकाळी मुलीला चाखवून विचारायची, आंबट झालंय का गं, कारण स्वतःला कळायला मार्ग नव्हता. कुठल्या पूजेला गेलो की प्रसादाचा पेढा कपाळाला लावून माझ्या हातात द्यायची. लग्नांत जेवणावळीला बसली की वाढपी तूप घेऊन आला की भातावर हात आडवा धरायची. पहिल्या वर्षी लोक विचारायचे, मग विचारेनासे झाले. साय मुलीला जायला लागली, तिला ती आवडत नव्हती. स्टँडजवळच्या सँडविचवाल्याकडे आम्ही जायचं थांबवलं. तंबाखू मात्र मी सोडली होती. सोडली ती भीतीने नाही. दुसरं काय देणार होतो.

दर महिन्या-दोन महिन्यांनी मी ठरवायचो, आज सांगू. आणि दर वेळी ते सांगणं मागच्या वेळेपेक्षा अवघड झालेलं असायचं.

सात वर्षांत वडपे ओळखू येईना असं झालं. शेतांत पत्र्याच्या शेडी उठल्या, आमच्या मालकानेही थंड मालासाठी एक वेगळी खोली बांधली. त्यात मुंबईच्या मोठ्या दुकानांना जाणारा परदेशी माल यायला लागला, चॉकलेटं, लोणी, कसले कसले सॉस. माझ्याबरोबर तिथे एक स्टोअरकीपर होते, वयाने माझ्याहून मोठे, गावातल्या जुन्या मुसलमान घरातले, पूर्वी त्यांचे स्वतःचे कापडाचे लूम होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. एक दिवस एक फाटलेला खोका परत आला. आतली पाकिटं चांगली होती पण तारीख जवळ आली होती, दुकान घेईना, आणि मालवाल्याने फोनवर सांगितलं, परत पाठवू नका, कामगारांत वाटून टाका. चाचांनी पाकीट हातात घेऊन चष्म्यातून नाव वाचलं आणि म्हणाले, "चीज है, लेकिन लिखा है दूध नहीं. मग म्हैस काय त्या दिवशी रजेवर होती?"

कामगार हसले. त्यांच्यातल्या कोणी ते घ्यायला तयार होईना. एकाने स्लाइस तोडून चाखली आणि बाहेर जाऊन थुंकून आला. मी दोन पाकिटं डब्याच्या पिशवीत टाकली. चाचा बघत होते. मी म्हटलं, बायकोसाठी, ती दूध घेत नाही. त्यांना नवसाचं माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. "ले जाओ," ते म्हणाले, "उसका हक है."

घरी मुलीने पाकीट वाचलं. ती तोपर्यंत कॉलेजात जायला लागली होती, तिने सगळी यादी मोठ्याने वाचली. सोया, तेल, स्टार्च, मीठ, रंग. दूध नाही, दुधाचं काही नाही. याला व्हेगन म्हणतात आई, तिने सांगितलं, तिकडे लोक आपणहून दूध सोडतात. बायकोने विचारलं, "त्यांचा नवस कशाचा?" मुलगी हसून लोळली. पण बायकोच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं मला दिसलं. तिने पाकीट उलटसुलट केलं आणि म्हणाली, मग याचं सँडविच होईल?

रविवारी मी करतो, मी म्हणालो. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आयुष्यात चहापलीकडे काही केलेलं नव्हतं.

त्या रविवारची तयारी मी तीन दिवस केली. बेकरीत जाऊन विचारलं, पावात दूध असतं का. बेकरीवाला म्हणाला, "दूध डालेंगे तो हम क्या पियेंगे?" मग मला वाईट वाटू नये म्हणून नीट सांगितलं, मैदा, मीठ, खमीर, पाणी, थोडं तेल, बस. बाहेरून लोणी लावायचं नाही हे तर उघड होतं, म्हणून शेंगदाण्याचं तेल लावायचं ठरवलं. कोथिंबीर, मिरची, लसणाची चटणी सकाळी पाट्यावर वाटली, मिक्सर असून, कारण तिला पाट्यावरची आवडते. बटाटा उकडून पातळ चकत्या, कांदा, काळं मीठ. शेजारणीकडून तो गॅसवर धरायचा, लांब दांड्यांचा टोस्टर मागून आणला. मी हे सगळं तपशिलात सांगतो आहे कारण त्या तीन दिवसांत मला वाटत होतं की मी काहीतरी फेडतो आहे.

मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. बायको बाहेर तांदूळ निवडत बसली होती. खालच्या मजल्यावर लूम चालू होते, त्यांच्या खडखडाटात आमच्या घरात नेहमीच जरा मोठ्याने बोलावं लागतं.

पहिलं सँडविच मी दोन्हीकडून खरपूस भाजलं आणि उघडून बघितलं. पाव करपायला आला होता आणि आत चीजची चौकोनी स्लाइस चारही कोनांसकट जशी ठेवली तशी पडली होती. वास नव्या रबरी चपलेसारखा. मी दुसऱ्या स्लाइसच्या पट्ट्या कापल्या, तव्यावर टाकल्या, पाण्याचा शिपका दिला, झाकण ठेवलं. मऊ झाल्या, भिजलेल्या साबणासारख्या, पण एकमेकींत मिसळेनात, आणि गॅस बंद केला की परत आखडल्या. तिसऱ्या वेळी दुप्पट घातलं. तेच. बाहेरून ती म्हणाली, "काय करताय आत एवढा वेळ, दुसरा लूम टाकताय का?"

झालंच, मी म्हणालो.

फ्रीजमध्ये मुलीचे चीजचे क्यूब होते, चांदीच्या कागदातले. मी दूध काढावं तसं सहज दार उघडून त्यातला एक घेतला. मी त्यावर विचार केला नाही असं म्हणणार नाही. विचार केला. जो नवस बोलायची गरजच नव्हती तो मोडेल कसा, असा विचार केला. ती खाईल, सात वर्षांनी तिला ती चव मिळेल, तिला कळणार नाही, देवीला तर आधीपासूनच सगळं माहीत आहे. राहिलो मी. एक आणखी गोष्ट पोटात ठेवायची, आणि मला सवय होती. मी क्यूब आत किसला, वरून नाही, त्यावर ती सोयाची स्लाइस झाकली आणि टोस्टर दाबला.

वास सुटला. तो वास कुठलंही सोया देऊ शकत नाही. ती तांदळाचं सूप खाली ठेवून आत आली आणि पदराला हात पुसत ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. मी सँडविच तिरकं कापलं. दोन तुकडे लांब केले तर मधे तार ओढली गेली.

ती हसली. मी तिला तसं हसताना फार दिवसांनी बघत होतो. तिने एक तुकडा उचलला, फुंकर घातली, आणि थांबली.

"खरंच दूध नाही ना यात? बघा हां. देवीला विचारलं तर ती काही बोलणार नाही, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही म्हणाल तर खाते."

मी तिचं मनगट धरलं. "खाऊ नकोस. त्यात खरं चीज आहे. मी घातलंय."

तिने तुकडा ताटलीत ठेवला. चिडली नाही, चक्रावली. तिला वाटलं, माझ्या हातून चुकून झालं. चुकून नाही, मी म्हणालो, मुद्दाम घातलं, कारण तुझा नवस लागूच नाही. रिपोर्ट मला गुरुवारी मिळाला होता. तू शनिवारी नवस बोललीस. सोमवारी मी तुला दाखवला, तोवर तो गोडाऊनच्या ड्रॉवरमध्ये होता.

सात वर्षं जे जुळवत होतो ते चार वाक्यांत संपलं. मग तिने 'का' असं विचारलं आणि मी तेही सांगितलं, दोन्ही कारणं, हळदीच्या दिवशीचं वाक्यसुद्धा. सांगताना मी टोस्टरकडे बघत होतो.

ती उठली आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. तेवढ्यात लाइट गेली, खालचे लूम एकेक करून थांबले आणि पंखा फिरायचा बंद झाला. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज मला आमच्या घरात कधी ऐकू आला नव्हता इतका स्वच्छ ऐकू आला. चिडली की ती माहेरचं बोलते. तेव्हा तसंच बोलली, पण हळू.

"दुधाचं जाऊ द्या. ते मी तिला दिलं, तुमाला न्हाय दिलं. त्यात तुमचा काय संबंध न्हाय."

तिने ओले हात पदराला पुसले.

"त्या चार दिसांचं सांगा. शुक्रवारी मी भावाकडं जाऊन आले, माहीत हाय का? पोरीला तुझ्याकडं ठेवून घेशील का, इचारायला. आन् रविवारी तुमी झोपलेले, तवा आंघोळ करून आरशासमोर उभी राहिले. कुकू पुसून. बघितलं, कशी दिसते. सवय करून बघत होते. आन् रिपोर्ट डावरमधी होता."

मला वाटत होतं माझा गुन्हा दुधाचा आहे. सात वर्षं मी दूध मोजत होतो, तिने न खाल्लेली साय, न चाखलेलं दही. त्या चार दिवसांत ती कुठे जाऊन आली हे मी कधी विचारलंच नव्हतं. घाबरलेली मला दिसत होती, आवडतही होती, पण ती भीती घेऊन ती एकटी काय काय करत होती हे मला कधी सुचलं नाही. मी म्हणालो, चुकलं. तो शब्द इतका लहान वाटला की मी पुन्हा म्हणालो नाही.

ती स्टुलावर बसली. ताटली माझ्याकडे सरकवली. "हे तुमी खा. टाकू नका."

मी खाल्लं. ती बघत बसली होती. गार होत चाललेलं चीज दातांना चिकटत होतं, गिळायला वेळ लागत होता, आणि तिने मधे एकदाही दुसरीकडे बघितलं नाही. शेवटचा घास संपल्यावर म्हणाली, "आता ते दुसरं करा. बिनदुधाचं. मी सकाळपासून त्यासाठी थांबलेय, मला भूक लागलीय."

टोस्टरला खऱ्या चीजचं लागलेलं होतं. तो मी राखेने दोनदा घासला, तिच्या समोर, उकळत्या पाण्याने धुतला. पुन्हा पाव, तेल, चटणी, बटाटा, आणि मधे ती न वितळणारी स्लाइस. भाजून कापलं. तार आली नाही. तिने पहिला घास खाल्ला, चघळला, आणि विचार करून म्हणाली, "चटणी चांगली झालीय." दुसऱ्या घासाला म्हणाली, हे चीज नाही, मेणबत्ती आहे. तरी सगळं खाल्लं. कडासुद्धा ठेवल्या नाहीत. भूक खरंच लागली होती तिला.

त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आधीही आम्ही कामापुरतंच बोलायचो, पण हे वेगळं होतं, हे मला ऐकू यायचं. मुलीला तिने काही सांगितलं नाही. भावालाही नाही. देव्हाऱ्यातून तो रिपोर्ट काढून तिने माझ्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवला. एकदा इस्त्री करता करता विचारलं, असलं अजून काही आहे का. मी नाही म्हणालो. आठवून बघा, म्हणाली. मी आठवून बघितलं आणि दोन गोष्टी सांगितल्या, लहानच होत्या, एक तिच्या आईच्या आजारपणातली, एक माझ्या पगारवाढीची. तिने ऐकून घेतल्या आणि शर्ट उलटा करून कॉलर इस्त्री केली.

दूध तिने परत घेतलं नाही. मी एकदा विषय काढला होता, आता तरी घे, नवसाला काही अर्थ राहिला नाही म्हणून. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. ती आजही दही विरजते आणि आता चाखून मी सांगतो, मुलगी सासरी गेली. आंबट असेल तर आंबट म्हणतो. आधी मी काहीही असलं तरी चांगलं आहे म्हणायचो.

बोलणं वाढलं आमचं, असं म्हणता येईल. निदान मी घरी आल्यावर काय झालं ते सांगतो, तिला नको असलं तरी. आणि मी कुठलाही कागद घरी आणला, लाइटचं बिल असो की रक्ताची तपासणी, ती तो हातात घेण्याआधी विचारते, कधी मिळाला. मी दिवस सांगतो. मग ती चष्मा लावते, कागद खिडकीकडे धरते आणि तारीख स्वतः बघते. इंग्रजी आकडे तिला आता वाचता येतात. ते तिने मुलीकडून शिकून घेतले, त्या रविवारनंतरच्या आठवड्यात.